आईच्या स्मरणिकेत पंचायत किती लिहायची?

वाचकाचं पत्र

ताई, सप्रेम नमस्कार.

माझं माहेर कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातलं, जांबोटीच्या बाजूचं एक लहान गाव. सासर महाराष्ट्रात, चंदगड तालुक्यात. गेल्या श्रावणात आई गेली. यंदा वर्षश्राद्धाला गावातलं महिला मंडळ आणि तरुण मंडळ मिळून तिची स्मरणिका काढताहेत. चरित्र लिहायचं काम माझ्यावर आलंय.

आई १९९३ ला पहिल्यांदा ग्राम पंचायतीत निवडून आली. वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला म्हणून बाबांनी तिचा अर्ज भरला. पहिली दीड-दोन वर्षं मीटिंगला बाबाच जायचे, आई घरी आलेल्या वहीवर सही करायची. मग तिच्याच सहीनं आमच्या गल्लीची बोअर दुसरीकडे गेली आणि पाण्याला आलेल्या बायकांनी तिला विचारलं, "तुझीच सही हाय नव्हं त्याच्यावर?" त्या महिन्यापासून ती स्वतः मीटिंगला जायला लागली. २००० आणि २००५ ला पुन्हा निवडून आली, त्यातली अडीच वर्षं अध्यक्ष होती. २०१० ला आमचा वॉर्ड जनरल झाला, तिथूनच उभी राहून हरली. २०१५ ला परत आली. २०२० ला गुडघ्यांनी साथ दिली नाही. ती महाराष्ट्र एकीकरण समितीची, म्हणजे बेळगावसह सीमाभाग महाराष्ट्रात जावा म्हणणाऱ्या चळवळीची होती. १ नोव्हेंबरला काळी साडी नेसून बेळगावच्या फेरीला जायची, १७ जानेवारीला हुतात्मा चौकात.

दादा कर्नाटक सरकारच्या शाळेत शिक्षक आहे. त्याचं म्हणणं, समिती नको, हरलेली निवडणूक नको, बाबांचं मीटिंगला जाणंही नको. 'प्रेमळ, कष्टाळू माता' एवढं लिहूया. मला ते पटत नाही. पण माझीही एक अडचण आहे. १९९८ च्या एसएसएलसीच्या, म्हणजे दहावीच्या, पहिल्या पेपरला सगळ्यांच्या आया सेंटरवर होत्या, माझी तहसीलदार ऑफिसात. जेवायला बसलो की दारात कुणीतरी रेशन कार्ड घेऊन उभं. शाळेत कन्नड शिकत होते म्हणून पंचायतीची कन्नड नोटीस मी वाचून सांगायची आणि ती नोटिशीच्या पाठीवर पेन्सिलीनं मराठीत लिहून घ्यायची. माझा अभ्यास तिच्या नोटिशीनंतर. तो राग अजून गेला नाही. पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, बेळगावच्या हॉस्टेलवर असताना मात्र डीसी (जिल्हाधिकारी) ऑफिसला काम निघालं की ती डबा घेऊन यायची. ट्रंकेत त्या नोटिशींचा गठ्ठा सापडलाय. तिला आई म्हणून लिहू की मेंबर म्हणून? आणि राग कुठे ठेवू?

— एक लेक, चंदगड

उत्तर

सप्रेम नमस्कार.

आधी तो गठ्ठा हातात घ्या, बाकी सगळं त्याच्यानंतर. मृग लागला की तुमच्या माहेरच्या बाजूला भिंतींना पाणी सुटतं. जांबोटी-कणकुंबीच्या पावसात कपडा वाळत नाही तिथे जुन्या कागदाचं काय होणार? पावसाच्या आधीच ट्रंक उघडा. टाचण्या असतील तर हलक्या हातानं काढा, त्या गंजून कागद खातात. एक-दोन दिवस सावलीत वारा लागू द्या आणि मोबाईलवर प्रत्येक नोटिशीचे दोन फोटो घ्या, पुढच्या बाजूचा आणि लगेच पाठचा. ही जोडी तुटता कामा नये. पुढे पंचायतीला काय ठरवायचं होतं ते आहे. पाठीवर, त्यातलं काय लक्षात ठेवायला हवं असं तुमच्या आईला वाटलं, ते आहे. कुणी लॅमिनेशन करून देतो म्हणालं तर देऊ नका, एकदा केलं की ते काढता येत नाही.

आता त्या नोंदींकडे नीट बघा. अक्षर आईचं आहे, पण सांगितलंय तुम्ही. सीमाभागातल्या मराठी घरांना हे नवीन नाही. शाळेत कन्नड शिकलेलं पोरच वीज बिल वाचतं, बँकेची नोटीस वाचतं, उताऱ्यावर आजोबांचं नाव बरोबर लागलंय का ते बघतं. तुमच्या घरात येणारा कागद मात्र एका घराचा नव्हता, अख्ख्या वॉर्डाचा होता. आठवी-नववीतली मुलगी अक्षरं लावत वाचणार आणि आई त्यावरून उद्याच्या मीटिंगला काय बोलायचं ते ठरवणार.

तिनं ही नोटीस वाचायला तुम्हालाच का बसवलं, याचा विचार केलाय कधी? गावात कन्नड येणारे पुरुष असणारच. त्यांच्यापैकी कुणाकडे ती कागद घेऊन गेली असती तर काय वाचायचं आणि काय गाळायचं हे त्या माणसानं ठरवलं असतं, आणि मेंबरीणबाईंना नोटीस कळत नाही ही गोष्ट मीटिंगच्या आधी गावभर झाली असती. दुसऱ्याच्या भरवशावर सही केली की काय होतं ते तिनं बोअरच्या वेळी भोगलं होतं. आहे तेच वाचून दाखवेल असं एकच माणूस तिच्याजवळ होतं, असं मला तुमच्या पत्रावरून वाटतं. तुमच्या अभ्यासाचा वेळ गेला हे खरं आहे, ते मी नाकारत नाही. पण पंचायतीनं आईला तुमच्यापासून दूर नेलं असं लिहिताना हेही ध्यानात घ्या, की त्या पंचायतीत तुम्हीही होतात. चरित्र लिहायला तुमच्याइतकं योग्य माणूस दुसरं नाही, आणि याचं कारण तुम्ही तिची लेक आहात एवढंच नाही.

म्हणून 'आई म्हणून' आणि 'मेंबर म्हणून' अशी दोन प्रकरणं करू नका. सालवार लिहा. ज्या साली जे चाललं होतं ते सगळं एकत्र येऊ द्या, घरातलंही आणि पंचायतीतलंही.

दादांच्या मसुद्यातले शब्द वाईट नाहीत. प्रेमळ, कष्टाळू, मनमिळाऊ. प्रत्येक श्रद्धांजलीत ते येतात आणि बहुतेक वेळा खरेही असतात. पण ते कुठल्याही बाईला लागू पडतात. तुमच्या आईचं एकटीचं जे आहे ते दादा गाळायला सांगताहेत त्या तीन गोष्टींतच आहे, म्हणून त्यांचं एकेक करून सांगते.

पहिली गोष्ट बाबांची. कर्नाटकात बायकांसाठी राखीव जागा तशा आधीपासून आहेत. १९८३ च्या कायद्यानं मंडल पंचायत आणि जिल्हा परिषदेत २५ टक्के जागा ठेवल्या होत्या, १९८७ ला त्याप्रमाणे निवडणुका झाल्या. पुढे ७३ वी घटनादुरुस्ती झाली, १९९३ चा पंचायत राज कायदा आला, एक तृतीयांश जागा बायकांच्या झाल्या आणि त्याच वर्षी डिसेंबरात ग्राम पंचायतीच्या निवडणुका लागल्या. राज्यभर हजारो बायका एका फटक्यात सदस्य झाल्या. कित्येकींचे अर्ज नवऱ्यानं, सासऱ्यानं, दिरानं भरले होते, आणि मीटिंगच्या खुर्चीवरही तेच बसत होते. तुमच्या बाबांनी त्या काळात गावोगावी जे चालत होतं तेच केलं. त्यात त्यांचा अपमान होण्यासारखं काही नाही. उलट बाबांचं जाणं गाळलंत तर बोअरचा प्रसंग कुणाला कळणारच नाही. ती बाई "तुझीच सही हाय नव्हं" असं का म्हणाली, हे समजायला आधी ती सही घरात बसून झाली होती हे वाचकाला माहीत हवं.

हा प्रसंग दोन ओळींत उरकू नका. मला तर अख्ख्या पत्रात तो सगळ्यात मोलाचा वाटला. बोअर कुठून कुठे गेली, तेव्हा तुम्ही पाणी कुठून आणत होतात, उन्हाळ्यात किती वेळ लागायचा, कळशीला नंबर कसे लागायचे, सगळं लिहा. तो प्रश्न विचारणारी बाई हयात असेल तर तिच्याकडे जा. तिला आठवत असेल तर तिच्याच बोलीत लिहून घ्या, भाषा सुधारत बसू नका. आई पहिल्यांदा स्वतः मीटिंगला गेली तो दिवसही हवा. बरोबर कोण होतं? खुर्चीवर बसली की बायकांसाठी वेगळं बाक होतं? घरी येऊन काय म्हणाली? आणि बाबांनी त्यानंतर तिला अडवलं नसेल, तर तेही आवर्जून लिहा. पहिल्यांदा अर्ज भरणारा आणि नंतर बाजूला होणारा माणूस स्मरणिकेत यायलाच हवा.

दुसरी गोष्ट हरलेली निवडणूक. इथे दादांचं मी अजिबात ऐकणार नाही. २०१० पासून कर्नाटकात पंचायतीच्या निम्म्या जागा बायकांना आहेत. पंचायत हद्दीतला मतदार कुठल्याही वॉर्डातून उभा राहू शकतो, तेव्हा शेजारचा एखादा राखीव वॉर्ड बघून ती सुखानं निवडून आली असती. तरी ती आपल्याच वॉर्डातून, जनरल जागेवर उभी राहिली. १९९३ ला राखीव जागा होती म्हणून जिचा अर्ज दुसऱ्यानं भरला, तीच बाई सतरा वर्षांनी म्हणते की जागा राखीव असो-नसो, हा वॉर्ड माझा आहे. तिच्या राजकारणातली ही सगळ्यात धीट गोष्ट आहे, आणि नेमकी तीच पुसायची? कुणाला किती मतं पडली ते आकडे मिळवून छापा. पुढच्या पाच वर्षांत तिच्या दारात लोक यायचे थांबले की येतच राहिले, तेही गावात विचारा. मेंबर नसलेल्या बाईकडे माणसं पेन्शनचा कागद घेऊन येत असतील, तर तिच्या कामाची याहून मोठी पावती मिळणार नाही.

आता समिती. दादांना भित्रा म्हणू नका, मनातसुद्धा म्हणू नका. सरकारी नोकराला राजकीय चळवळीत भाग घ्यायला वर्तणूक नियमांनी बंदी आहे, आणि सीमाभागात सरकारी शाळेत शिकवणाऱ्या मराठी माणसाला हे भान रोज ठेवावं लागतं. तुम्ही चंदगडला आहात. तुमच्या दारावरची पाटी मराठीत असली तर कुणी काही विचारत नाही. दादांना त्याच शाळेत, त्याच अधिकाऱ्यांपुढे रिटायर व्हायचंय. त्यांची भीती पोटापाण्याची आहे.

पण या भीतीवर उपाय आहे, आणि तो आईला अर्धी करणं हा नव्हे. आई काय करत होती याचा जाब मुलाच्या नोकरीला सहसा द्यावा लागत नाही. मुलाच्या नावानं निघालेल्या पुस्तिकेत घोषणा असतील तर मात्र कुणीतरी बोट दाखवू शकतं. तेव्हा संपादक, प्रकाशक, संयोजक, कुठेच दादांचं नाव घालू नका. ते काम महिला मंडळ करेल. दादांचा लेख हवाच, पण घरातल्या आईवर, त्यांच्या स्वतःच्या आठवणींचा. आणि समितीचा भाग तुम्ही तुमच्या नावानं, चंदगडच्या पत्त्यानं लिहा.

तोही कसा लिहायचा? घोषणा न देता, जे घडलं ते. गावातल्या आजच्या पोरांना सन-सनावळ्या माहीत असतीलच असं नाही, म्हणून एक परिच्छेद त्यासाठी द्या. १७ जानेवारी १९५६ ला इथे गोळीबारात माणसं मेली, हुतात्मा दिन त्यांचा. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्य पुनर्रचनेत बेळगाव, खानापूर, निपाणीसह हा भाग मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला, म्हणून त्या दिवशी काळा दिवस पाळतात. १९६६ ला या सीमावादावर महाजन आयोग नेमला गेला, १९६७ ला अहवाल आला, महाराष्ट्रानं तो मानला नाही, आणि २००४ पासून महाराष्ट्राचा दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. एवढं पुरे. त्याच्यापुढे तुमच्या आईची काळी साडी येऊ द्या. ती साडी अजून कपाटात आहे का? फेरीला ती कुणाबरोबर जायची, एसटीनं की वडापनं, दिवसभर उपाशी की डबा बांधून, त्या दिवशी घरात स्वयंपाक कोण करायचं? ग्राम पंचायतीची निवडणूक पक्षाच्या चिन्हावर होत नाही, त्यामुळे कागदावर तुमच्या आईच्या नावापुढे समिती कुठेच सापडणार नाही. तुम्ही लिहिलं नाहीत तर ती गोष्ट तिच्याबरोबर गेली असं समजा.

आणि लगेच त्याच्या शेजारी हेही लिहा, की १ नोव्हेंबरला काळी साडी नेसणारी ही बाई बाकीचं वर्षभर कन्नड नोटीस समजून घेत होती. आधी सेक्रेटरी, पुढे पीडीओ (पंचायत विकास अधिकारी) आले, त्यांच्याशी मोडक्या-तोडक्या का होईना कन्नडमध्ये बोलत होती, भांडत होती, काम करून घेत होती. मराठीत कागद मिळावा ही मागणी तिनं सोडली नाही आणि तो मिळत नाही म्हणून गल्लीचं पाणीही अडू दिलं नाही. बाहेरच्या माणसाला या दोन गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध वाटतील. आपल्याकडे राहणाऱ्याला त्यात नवल वाटत नाही. तुमच्या वॉर्डात कन्नड घरं असतील तर त्यांच्याकडे जरूर जा. आईनं त्यांचं कुठलं काम केलं असेल तर त्यांची आठवण घ्या आणि ती कन्नडमध्येच, कन्नड लिपीत छापा. दादांची निम्मी भीती त्या एका पानानं जाईल असं मला वाटतं. शिवाय ते खरं असेल.

माणसांना भेटाल तेव्हा "आई कशी होती?" असं विचारू नका. सगळे "देवमाणूस होत्या" म्हणतील आणि डोळे पुसतील, तुमच्या वहीत काहीच येणार नाही. काम विचारा. काय काम घेऊन आला होतात, किती खेपा झाल्या, खानापूरला बरोबर कोण आलं, काम झालं का? वॉटरमनला विचारा, बिल कलेक्टरला विचारा, अंगणवाडीच्या बाईंना विचारा, स्त्री शक्ती संघातल्या, म्हणजे बचत गटातल्या, बायकांना विचारा. आश्रय योजनेतलं सरकारी घर कुणाला मिळालं, विधवा पेन्शन कुणाची लागली, ओढ्यावरच्या साकवासाठी कोण-कोण गेलं होतं. मुलींच्या नावानं सरकारी बॉण्ड काढायची भाग्यलक्ष्मी योजना २००६ ला आली, तेव्हा तुमची आई पंचायतीत होती. त्या सुरुवातीच्या वर्षांत बॉण्ड निघालेल्या मुली आता अठराच्या झाल्यात. एखादीला भेटा, तिच्या बॉण्डच्या वेळी आईचा काही हात होता का ते तिच्या आईला विचारा. आणि ज्यांचं काम झालं नाही त्यांनाही भेटा. एवढी वर्षं मेंबर राहिलेल्या माणसावर नाराज असलेली दोन-चार घरं गावात असतातच. त्यांचं ऐकून घ्या. छापायचं की नाही ते नंतर ठरवा, पण ऐकून घेतल्याशिवाय लिहायला बसू नका.

हे सगळं मी एवढ्या तपशिलानं का सांगते? बेळगाव, खानापूर, निपाणीत पुढाऱ्यांची चरित्रं निघाली, गौरवग्रंथ निघाले, चौकांना नावं दिली गेली. ते योग्यच झालं. पण १९९३ नंतर गावोगावच्या पंचायतीत बसलेल्या बायकांवर लिहिलेलं फार थोडं हाताला लागतं. त्यातल्या बऱ्याच जणी आता सत्तरीच्या घरात आहेत, काही गेल्या. त्यांनी गल्लीत आणलेल्या नळाचं पाणी लोक पितात आणि तो कुणाच्या सहीनं आला ते पुढच्या पिढीला माहीत नाही. मला याचं फार वाईट वाटतं. तुमच्याकडे तर तिच्या अक्षरातले कागद आहेत. असं भाग्य फार थोड्या लेकींना मिळतं.

आता तुमचा राग. तो स्मरणिकेत येऊ द्या. एकाच जागी, १९९८ च्या सालात, आणि जसा होता तसा. पहिला पेपर कुठला होता, सेंटर कुठे होतं, तुम्ही कुणाच्या आईबरोबर उभ्या होतात, संध्याकाळी आई आली तेव्हा तुम्ही तिच्याशी बोललात का. पुढे लगेच "पण आता मला कळतं की…" असं जोडू नका. कळलं असेल तर पुढच्या पानांतून दिसेल, नसेल कळलं तर खोटं कशाला लिहायचं? त्या मार्च-एप्रिलच्या नोटिशी गठ्ठ्यात आहेत का बघा, त्या दिवशी तहसीलदार ऑफिसात कुणाचं काम होतं ते कदाचित सापडेल. सापडलं तर लिहा. पण काम कितीही मोठं निघालं तरी पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीचं त्या दिवशीचं दुःख त्यानं लहान होत नाही. दोन्ही गोष्टी पानावर राहू द्यात.

तुम्ही पत्रात एक वाक्य सहज लिहून गेलात, तिथे मी थांबले. डीसी ऑफिसला काम निघालं की आई हॉस्टेलवर डबा घेऊन यायची. ताई, ग्राम पंचायत मेंबरचं काम खानापुरात असतं. तहसीलदार तिथे, तालुका पंचायत तिथे, हेस्कॉमचं, म्हणजे विजेचं, ऑफिस तिथे. बेळगावला डीसी ऑफिसला जाण्यासारखं काम असं कितीसं निघणार? आणि साल बघा. १९९३ च्या डिसेंबरात निवडून आलेल्या पंचायतींची मुदत पाच वर्षांची होती, पुढची निवडणूक २००० ला झाली. म्हणजे मधला बराच काळ तुमची आई मेंबरच नव्हती. एसएसएलसी १९९८ ला झाली म्हणजे तुमची पीयूसी नेमकी त्याच काळातली. तेव्हाही डबा येत होता का? येत असेल, तर डीसी ऑफिसचं काम कुणाचं होतं?

मी तुमच्या आईला ओळखत नव्हते, तेव्हा छातीठोक सांगणार नाही. पण आपल्याकडच्या बायकांना लेकीला भेटायला जाते असं सरळ सांगून एसटीचे पैसे मागणं अवघड जायचं, ऑफिसच्या कामाला जाते म्हटलं की कुणी अडवत नसे. बाबा हयात असतील तर त्यांना विचारा. नसतील तर तेव्हाच्या तुमच्या रूममेटना विचारा, डब्यात काय असायचं हे त्यांना नक्की आठवेल. हा भाग तुम्हीच लिहायचा आहे, दादांना किंवा महिला मंडळाला तो माहीतच नाही.

राहिले पंचायतीचे कागद. ठरावांच्या वह्या, म्हणजे प्रोसिडिंग, पंचायतीत असतात. आधी पीडीओंना जाऊन भेटा, कशासाठी हवंय ते सांगा, बरेचदा एवढ्यानं काम होतं. नाही झालं तर माहिती अधिकारात अर्ज टाका. फी १० रुपये. कर्नाटकात अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो, म्हणून सगळी वर्षं एका अर्जात कोंबू नका. बोअरच्या ठरावासाठी एक आणि अध्यक्षपदाच्या अडीच वर्षांसाठी एक, असे वेगळे करा. भाषा कन्नड किंवा इंग्रजी ठेवा, मराठी अर्ज परत आला तर त्यात महिना जाईल. निवडणुकीच्या मतांचे आकडे तहसीलदार ऑफिसात विचारा, आणि बेळगावच्या सार्वजनिक वाचनालयात त्या-त्या वर्षीच्या निकालानंतरच्या 'तरुण भारत'च्या अंकांचीही चौकशी करा.

उत्तराला कायद्यानं ३० दिवस असतात, तेव्हा अर्ज याच आठवड्यात टाका. म्हणजे ज्येष्ठात कागद हातात येतील आणि आषाढात मजकूर छापखान्यात जाईल. छपाईच्या आधी सगळी पानं दादांना एकदा वाचायला द्या, समितीची पानंसुद्धा. त्यांनी एखादं वाक्य गाळायला सांगितलं तर का ते शांतपणे विचारा. नोकरीवर येईल असं काही असेल तर ते वाक्य बदला. लोक काय म्हणतील एवढंच कारण असेल, तर राहू द्या.

— तुमची ताई